नाना, भरली का?

बसा की रं खाली. आन त्यो मोबाइल उलटा ठेव, तोंडावर उजेड पडतोय. लाइट यायला अजून येळ हाय, तवर आयकायचं असंल तर आयका, न्हाईतर जेवून झोपा. उद्या समदी तळ्यावर पोहायला निघालाय न्हवं? आलंय माझ्या कानावर. जावा की, मी कोण अडवणारा? फकस्त ही गोष्ट आयकून जावा. आन भुताची म्हणून दात काढायचं न्हाईत. ह्यातला माणूस माझ्या वळखीचा हाय, पलीकडच्या वस्तीवर अजून जिता हाय. पायजे तर त्येलाच जाऊन इचारा. सांगायचा न्हाई त्यो, ती गोष्ट येगळी.

नानासो त्येचं नाव. गेल्या सालची अक्षय तृतीया, तिच्या आदला दिवस. भुताच्या गोष्टीत अमावास्या असती, हितं न्हवती. चांगली द्वितीया व्हती, नखाएवढा चंद्र व्हता आभाळात. दुपारचं जेवून नानासो जतच्या बाजारला निघाला. काम बारीकच. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं मातीचा कोरा करा, बारकं मडकंच की त्ये, पाण्यानं भरून ठेवत्यात आपल्यात, म्हाईत हाय न्हवं? तर बापाच्या नावाचा एक करा आणायचा, चार आंबं आणायचं, आन दिवस मावळायच्या आत माघारी यायचं.

पायताण घालतोय तवर नातू आला दारात, मल्हार. बारा वर्साचं पोरगं, अंगात नुस्ता वारा.

"नाना, आज तळ्यावर?"

"आज न्हाई."

"आवं पर लय उकडतंय."

"उकडू दे. मी न्हाई तर तळं न्हाई. ठरलंय न्हवं आपलं?"

"व्हय," मल्हार म्हणाला. बारा वर्साच्या पोराचा व्हय. त्येला काय किंमत असती, ते तुमास्नी माझ्यापेक्षा जास्त ठावं.

आता मी न्हाई तर तळं न्हाई, ह्ये काय परकरण, ते आदी सांगतो.

आपल्या ह्या भागात आमी जलमात तळ्यात पाणी बघितलं ते पावसाळ्यात, गुडघाभर. उन्हाळ्यात तितं क्रिकेट चालायचं. टँकरमागं घागरी घिऊन पळणारी माणसं आमी, आमास्नी पोहायला कोण शिकवणार? मग कालव्याचं पाणी आलं. ऐन मे महिन्यात नानासोच्या वस्तीचं तळं काठोकाठ. बायांनी पाण्याची ओटी भरली, पुढाऱ्यांनी नारळ फोडला, हार घालून फोटो काढलं. पर तळं कोरडं व्हतं तवा त्येच्या पोटातनं जेसीबी लावून मुरूम उपसला व्हता, पुरुष-दोन पुरुष खोल. कुणी उपसला म्हणून इचारू नका. रस्त्याला त्योच मुरूम, देवळापुढं त्योच, समद्यांच्या अंगणात त्योच. नानासोच्या बी. वरनं पाणी चढलं आन खड्डं झाकलं. झाकलं म्हंजी मिटलं, असं वाटलं लोकास्नी.

नानासोची तवा मेंढरं व्हती. बापजाद्यापासनं मेंढक्याचं घर. रोज सांजच्याला तळ्यावर पाणी पाजायचा, आन बांधाच्या चिंचोळ्या वाटंवर उभा राहून एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवत मोजायचा. मोजणी बरोबर आली की वरडायचा, "भरली!" त्यो आवाज वस्तीवर जायाचा. त्येची बायको हरणाबाई त्यो आवाज आयकूनच तवा चुलीवर ठेवायची. आन पोरं त्येची नक्कल करायची. त्यात धोंडुबाईचा गुंडा लय वांड. बाप मेलेलं, एकुलतं एक. रोज नानासोच्या मागं उभा राहून इचारायचा, "नाना, भरली का?" आन नानासो काठी उगारायचा, हसत.

तीन उन्हाळ्यामागं, असाच मे. बाया डाळिंबाच्या बागंत कामाला जायाच्या. जाताना नानासोला म्हणाल्या, "नाना, तुमी तितंच हायसा, पोरांकडं ध्यान ठेवा बरं." नानासो म्हणाला, "ठेवतो की." दुसरं काय म्हणणार? काठावर बसल्या माणसाला वाटतंच, आपण बघतोय. बघणं आन राखणं ह्यात किती अंतर हाय, ते त्येला त्या दिवशी कळलं.

सांजच्याला वळवाचं आभाळ आलं. विजा कडाडाय लागल्या, मेंढरं बुजली. नानासोची तारांबळ उडाली. काठी घिऊन पळाला, मेंढरं गोळा केली, वाटंवर उभा राहून एकेकाच्या पाठीवर हात ठेवला. बरोबर आली. "भरली!" वरडला, "चला रं पोरांनो, घरला!" पोरं कापडं उचलून पळाली, ज्येचं त्येचं घर गाठलं.

दिवा लावायच्या येळंला धोंडुबाई आली. म्हणाली, "नाना, माझा गुंडा तुमच्याकडं बसलाय का?"

गुंडाचं शर्ट काठावर व्हतं, भिजून चिखल झालेलं. गुंडा दुसऱ्या दिवशी गावला, मुरमाच्या खड्ड्यात.

मातीला समदा गाव व्हता. कोण म्हणालं पाण्यातल्या साती आसरांनी नेलं, कोण म्हणालं पोराचं भोगच तसं. धोंडुबाई नानासोला एक शब्द वंगाळ बोलली न्हाई. फकस्त म्होरं आली आन इचारलं, "नाना, मेंढरं भरली व्हती का?"

नानासो म्हणाला, "व्हय."

खोटं तरी बोलायचं गड्या. पर त्यो खोटं बोलला न्हाई.

म्हैना सरायच्या आत त्येनं समदी मेंढरं इकली. सरकारी माणसं आली, बोर्ड लावला, 'पोहण्यास मनाई'. तारंचं कुंपण मंजूर झालं म्हणं. मंजूरच हाय अजून. पोरं काय बोर्ड वाचून थांबत्यात? मग नानासोच रोज सांजच्याला काठावर जाऊन बसायला लागला. दोन बाभळींच्या मधी, पाण्यातनं दोर बांधला, त्येच्या पलीकडं जायाचं न्हाई. पोरांच्या जोड्या लावल्या, एकानं दुसऱ्याला सोडायचं न्हाई. येक लांब बांबू आन येक कासरा बाभळीच्या बुडाला कायम ठेवलेला. आन दिवस मावळायच्या आत पोरास्नी बांधाच्या वाटंवरनं एकेक करून काढायचा, डोक्यावर हात ठेवत मोजायचा, मेंढरागत. लोक हसली. "नानानं मेंढरं इकली आन पोरं राखाया घेतली," म्हणाली. हसू दे. पर मोजणी बरोबर आली तरी 'भरली' ह्यो शब्द त्येच्या तोंडातनं परत निघाला न्हाई. निस्तं "चला" म्हणायचा. आन पोरं बी त्येच्या म्होरं त्यो शब्द काढत न्हवती. पोरास्नी कळतं ते मोठ्यास्नी कळत न्हाई.

तर त्या दिवशी बाजारला जाताना नानासो धोंडुबाईच्या दारात थांबला. ती जात्याशेजारी भिंतीला टेकून बसली व्हती. त्येनं धीर करून इचारलं, "धोंडुबाई, करा आणतोय बापाचा. गुंडासाठी एक आणू का? लहानसा?"

बाई वर न बघताच बोलली.

"माझ्या लेकाला पितरांत बसवाय निघालासा व्हय, नाना? तुमची मेंढरं भरली. माझं घर रितं झालं. मी न्हाई भरायची करा. मी भरला म्हंजी त्यो मेला."

"बरं," म्हणाला नानासो. आन निघाला.

जतच्या बाजारात कुंभारीण बाई बसली व्हती, कानडी बोलणारी. "यष्टु बेकु?" म्हणाली, किती पायजेत. नानासोनं एक बोट वर केलं. मग दुसरं. का केलं, त्येचं त्येला ठावं न्हाई. एक मोठा करा घेतला, एक अगदी लहान, पोराच्या वंजळीएवढा. पिशवीत पेंढा घालून दोन्ही ठेवलं.

वडापचं जीपडं भरता भरंना. माणसं भरल्याबिगर हलतंय व्हय त्ये? फाट्यावर उतरला तवा दिवस मावळून गेल्ता. फाट्यापासनं वस्तीपत्तोर वाट बांधावरनंच. एका अंगाला बाभळी, एका अंगाला पाणी. चंद्र पार खाली गेला व्हता, आता बुडंल का मग बुडंल. मोबाइलची बॅटरी बाजारातच मेली व्हती.

अर्ध्या बांधावर आला आन थांबला.

पाण्यात डुबुक डुबुक आवाज. हसणं. कुणीतरी कुणाला तरी पाण्यात ढकलतंय.

नानासोच्या तोंडातनं अशी शिवी निघाली, की ती मी तुमच्या म्होरं सांगत न्हाई.

"कोण हाय रं तितं? निघा भायेर! निघा आदी!"

हसणं बंद. मग पोरांचं दबकं आवाज, "नाना आलं, नाना आलं." वल्ल्या पायांचा फतक फतक आवाज करत पोरं काठावर यायला लागली. अंधारात तोंडं काय दिसंनात. नानासो बांधाच्या चिंचोळ्या वाटंवर जाऊन उभा राहिला. पिशवी दगडावर ठेवली.

"किती जणं आलासा?"

"सा… सहाजणं, नाना."

"एकेक या. माझ्या हाताखालनं."

पयलं आलं. वल्लं डोकं. हात ठेवला. ढकललं म्होरं.

दुसरं. तिसरं. त्येच्या अंगाला थरथर व्हती, दात वाजत व्हतं. "आता वाजत्यात व्हय दात?" नानासो म्हणाला. चौथं. पाचवं.

मग जरा येळ.

मग सहावं आलं. आवाज न करता आलं. नानासोनं हात ठेवला.

डोकं गार व्हतं. पाण्यातनं निघाल्यालं गार न्हवं… येगळं गार. आन केसात खर लागली. मुरमाची बारीक खर. बोटात आली त्येच्या.

सहा. मोजणी बरोबर. जीव भांड्यात पडला माणसाचा. छातीतनं मोठा सुस्कारा निघाला, आन इतक्या दिवसात न निघाल्याला त्यो शब्द ओठावर आला. भर…

आन हाताखालनं आवाज आला.

"नाना, भरली का?"

…

बारीक आवाज. नानासोचा हात तितंच.

त्येच्या ध्यानात आलं. त्येनं डोकी मोजली व्हती. तोंडं बघितली न्हवती.

"मल्हार," नानासो म्हणाला.

कोण बोलंना.

"मल्हार, व्हय म्हण की रं…"

म्होरनं एक पोरगं रडाय लागलं. "नाना… मल्हार मागं व्हता. दोराच्या पलीकडं. आमास्नी वाटलं आला…"

नानासोच्या हाताखाली कायबी न्हवतं. वारा नुस्ता.

परत मोजली. पाच.

पळाला. बाभळीच्या बुडाला हात घातला, बांबू, कासरा. पोरं मागं धावली. लक्षात ठेवा, नानासोला बी पोहायला येत न्हवतं. आपल्यात कुणाला येतंय? जीव म्हणत व्हता, उडी टाक. पर उडी टाकली असती तर दोघं गेलं असतं, आन त्यास्नी वाचवाया एखादं पोरगं उतरलं असतं तर त्ये बी. कासरा कमरंला बांधला. दुसरं टोक पाचही पोरांच्या हातात दिलं. "बसा खाली. टाचा रोवा. मेलो तरी सोडायचा न्हाई." दोराला धरून छातीभर पाण्यात गेला. पायाखालची जमीन तितं सपली. त्येच्या पल्याड खड्डा.

"मल्हार…"

पाणी गप.

"मल्हार…!"

डाव्या अंगाला, पाण्यात बुडल्याल्या बाभळीच्या एका फांदीवर कायतरी काळं. वरडत न्हवतं. हात हलवत न्हवतं. बुडणारं माणूस वरडत नसतंय रं, ते ध्यानात ठेवा, तोंडात पाणी असतं त्येच्या. नाक तेवढं वर. नानासोनं बांबू म्होरं घातला. छातीला लागला पोराच्या. "धर. धर बाळा. धर…" येळ गेला. लय येळ गेला. मग बांबू जड झाला.

"वढा!"

पोरांनी वढला. रडत, वरडत, पर सोडला न्हाई कुणी. काठावर मल्हारला कुशीवर घातला. पाणी वकला. मग रडला. नानासोनं त्येला एक मुस्काटात दिली आन दुसऱ्या हातानं छातीशी धरलं, दोन्ही एकदमच.

चंद्र बुडला व्हता तवा.

नानासोनं पोरास्नी वाटंवर उभं केलं. ह्या खेपंला प्रत्येकाचं तोंड दोन्ही हातात धरून, नाव घिऊन मोजलं. सहा. मग पिशवी घ्यायला दगडाकडं वाकला, आन पिशवी हलंना. जड.

हात घातला आत. मोठा करा कोरडा, पेंढ्यात जसाच्या तसा. लहान करा… बोटं बुडाली.

"कोण खेळलं रं ह्या पिशवीशी?"

पोरं कासरा धरून बसली व्हती समदी. त्यांच्या हाताची सालटी निघाली व्हती. बांध तितं दोन पुरुष उंच हाय, पाणी पार खाली. कोण येणार वर करा भरून? आन पेंढा कोरडा व्हता. एक थेंब सांडला न्हवता.

पोरास्नी घरोघरी पोचवलं. मल्हारला हरणाबाईच्या पदरात टाकलं, ती काय इचारायच्या आत भायेर पडला. दोन्ही हातात त्यो लहान करा धरून, पाऊल जपत, धोंडुबाईच्या दारात गेला. वस्तीवर बोभाटा आदीच झाल्ता. बाई दारात उभी, पाठीमागं बल्बचा उजेड.

"मल्हार घावला म्हणं."

"व्हय."

"नाना… आज पोरं भरली का?"

नानासो म्हणाला, "भरली."

बाई त्येच्याकडं बघत राहिली.

"माझं धरून?"

बाळांनो, मला त्येनं ह्ये सांगितलं तवा तितं आल्यावर त्यो मोठ्यानं रडला, साठीचा बाप्या. त्या येळंला मातुर त्यो रडला न्हाई. फकस्त खाली वाकला आन करा तिच्या उंबऱ्यावर ठेवला.

तिनं बघितलं. काठोकाठ पाणी. तळाला तांबूस मुरमाची खर बसल्याली.

"मी आणू नगा म्हणलं व्हतं."

"व्हय."

"मी भरायची न्हाई म्हणलं व्हतं. ह्यो कुणी भरला?"

"मी न्हाई, धोंडुबाई. बिरोबाची आण. पोरांनी बी न्हाई."

बाई उंबऱ्यावर बसली. मग पदरानं कऱ्याचा काठ पुसला, लेकाचं तोंड पुसावं तसा.

"तहानलं असंल," म्हणाली. "आईनं भरला न्हाई. सोताच भरून घेतला माझ्या लेकानं."

आन दार लावून घेतलं. नानासोला माफ बिफ केलं न्हाई तिनं, अजून बी न्हाई. त्यो रोज तिच्या दारावरनं जातो तळ्यावर, पोरं राखायला. ती बघत न्हाई.

करा अजून हाय तिच्या उंबऱ्याच्या आत, मी सोता बघितलाय. आता मला सांगा, कोरं मातीचं मडकं, भरून ठेवलं तर पाणी पाझरतं का न्हाई? चार दिवसात निम्मं व्हतंय. त्या बाईनं त्यात एक तांब्या घातल्याला न्हाई, वर्स व्हत आलं. एक पूर्ण उन्हाळा गेला. खालची जमीन कोरडी ठणठणीत… आन पाणी काठाला हाय.